चौतीसचा कोनाडा, अडतीसचं कपाट

मापाच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही. मी स्वतः सांगतोय म्हणून बढाई समजू नका. माझ्या दुकानाच्या पाटीवरही हेच लिहिलंय. पाटी मीच रंगवून घेतली, ही गोष्ट वेगळी. एकतीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवतोय. माणूस दारातून आत येईपर्यंत माझ्या डोळ्यांनी त्याची कंबर मोजलेली असते, टेप आपली गळ्यात नुसती शोभेला. पोट आत ओढून उभं राहणारं गिऱ्हाईक तर मी लांबूनच ओळखतो. त्याला मी शांतपणे म्हणतो, "श्वास सोडा साहेब, जेवल्यावरही हीच पँट घालायची आहे तुम्हाला." सगळी गल्ली मला मास्तर म्हणते, ते काही उगाच नाही.

तर अशा माणसाच्या घरात बाथरूमचं काम निघालं, आणि सुतार म्हणाला, "मापं मी घेतो." आता तुम्हीच सांगा, मला राग येणार नाही तर काय होणार?

पण आधी बाथरूमचं सांगतो. आमच्या झोपायच्या खोलीला लागून आहे ती. घर घेतलं तेव्हापासून जशीच्या तशी होती. पिस्त्याच्या रंगाच्या फरश्या, त्यातल्या चार तडकलेल्या. नळ असा, की घट्ट बंद केला की जास्त गळायचा. कपाट नावाची वस्तूच नव्हती. शाम्पूच्या बाटल्या खिडकीत, टॉवेल दारावर, बायकोच्या केसांच्या पिना साबणाच्या डबीत, आणि माझं दाढीचं सामान रोज सकाळी शोधायचं. उंबरा एवढा उंच होता की आत जाताना पाय उचलून टाकावा लागायचा. आम्हाला सगळ्याची सवय झाली होती. घोडं अडलं होतं ते सासूबाईंपाशी.

सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. अंगानं काडी, पण आवाज दोन खोल्या ओलांडून येणारा. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांनी आमच्याकडे येऊन राहावं म्हणून बायको मागे लागली होती. दोनदा आणलंही. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी परत गेल्या. कारण एकच. आमच्या बाथरूममध्ये त्यांना हात धरून आत न्यावं लागायचं आणि हात धरून उठवावं लागायचं. "अंघोळीला माणूस लागायला लागलं की संपलंच," असं म्हणून त्यांनी पिशवी भरली होती.

या वेळी माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आईला स्वतःकडे न्यायला तयार झाला. त्याचं घर सहाव्या मजल्यावर, आणि दिवसभर घरात चिटपाखरू नाही. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला. "आधी लेकीकडची नवी न्हाणी बघीन. एकटीला जमलं तर राहीन. नाही जमलं तर पिशवी न उघडता तशीच धाकट्याबरोबर जाईन."

त्या दिवशी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच थांबली.

"अहो, आई तिथं दिवसभर भिंतींशी बोलत बसेल," ती म्हणाली. "मला नाही सहन होणार ते. मला ती इथं हवी आहे."

सव्वीस वर्षांत या बाईनं माझ्याकडे 'हवी आहे' असं म्हणून काही मागितल्याचं मला आठवेना. माझे डोळे भरून आले. डोळे भरून आले की मी मोठमोठी वाक्यं बोलतो.

"एवढंच ना? बारा दिवसांत अशी बाथरूम करून देतो की आत गेलेला माणूस बाहेर येणार नाही."

हे वाक्य माझ्याच अंगाशी येणार होतं, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

कागदावर सगळं मीच काढलं. उंबरा काढून टाकायचा. पाय न घसरणाऱ्या खरखरीत राखाडी फरश्या. भिंतीत लपवलेले पाइप, एकाच दांडीनं चालू-बंद होणारा शॉवर. जिथं जुनी पाण्याची टाकी होती तिथं भिंतीत कोनाडा निघत होता. त्यात छतापर्यंत कपाट, खाली चार ड्रॉवर, हलकेच ढकलले की आपले आपण बंद होणारे. आणि शॉवरखाली सासूबाईंसाठी भिंतीला लावलेलं बाक, शेजारी धरायला स्टीलची दांडी. त्यांची मापं तर माझ्या वहीत होतीच. दर वर्षी मी त्यांना परकर-पोलक्याचा एक जोड शिवून पाठवतो.

मिस्त्री आले, म्हणजे आमचे सुतार. कानावर पेन्सिल, खिशात टेप.

"मास्तर, मी स्वतः मोजल्याशिवाय करवतीला हात लावत नाही," ते म्हणाले.

"मिस्त्री, तुमच्या पँटी मी शिवतो. तुम्ही कधी म्हणालात, मी मोजून आणतो म्हणून?"

"पँटला पट्टा असतो, मास्तर. कपाटाला नसतो."

मला हे लागलं. आमचं चांगलंच वाजलं. शेवटी बायको मध्ये पडली आणि तोडगा निघाला: मापं मास्तरांची, पण लेखी, आणि खाली सही. मी टेप काढली, बाथरूममध्ये गेलो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं मोजलं, वहीचं पान फाडलं, मापं लिहिली आणि खाली सही ठोकली. मिस्त्रींनी पान घडी करून खिशात घातलं. जाताना बायको त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली आणि तिनं त्यांच्या हातात एक छोटं पाकीट दिलं. लॅमिनेटच्या रंगाचा नमुना असेल, असं मला वाटलं. रंगाच्या बाबतीत मी तिच्यापुढे बोलत नाही. राखाडीचे अकरा प्रकार असतात हे मला याच कामात कळलं, आणि अकराही मला एकच दिसले.

मग फोडाफोडी सुरू झाली. बारा दिवस आमचं घर पिठाच्या गिरणीसारखं दिसत होतं. मी अंघोळीला दुकानात जायचो. मागच्या बाजूला नळ आहे, तिथून बादली भरायची आणि ट्रायल रूमचा पडदा ओढून घ्यायचा. चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं हातात पँट घेऊन पडदा बाजूला केला. मी डोक्याला साबण लावलेला. "बसतेय का बघतो," तो म्हणाला. "आत जागा नाही," मी म्हणालो. तेव्हापासून तो समोरच्या दुकानात जातो.

अकराव्या दिवशी फरशीवाला काम आटोपून गेला आणि मी दारात उभा राहून बघतच राहिलो. खरंच सांगतो, ती आमची बाथरूम वाटेना. फरशी कशी मऊ राखाडी, पाणी लगेच वाहून जाईल अशी. बाक आणि दांडी मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी येऊन भिंतीत पक्की करून टाकली. बायको तीनदा आत जाऊन हात फिरवून आली. आता फक्त कपाट बाकी होतं. ते बाराव्या दिवशी येणार, आणि सासूबाई तेराव्या. माझा हिशोब असा चोख.

बाराव्या दिवशी सकाळी मिस्त्री आणि त्यांचा भाऊ कपाट घेऊन आले. देखणं होतं. दारातून ते आडवं करून आत न्यायचं होतं, म्हणून आतून ओढायला मी गेलो.

"मास्तर, तुम्ही बाहेर थांबा," मिस्त्री म्हणाले.

"माझं माप आहे, मीच बसवणार," मी म्हणालो.

आत आलं. उभं केलं. कोनाड्याकडे वळवायला लागलो, आणि ते थांबलं. एक कोपरा कोनाड्याच्या कडेला टेकला, दुसरा नव्या बेसिनला. पुढे जाईना, मागे येईना. मिस्त्री आणि भाऊ दाराच्या बाजूला, मी आतल्या बाजूला, आणि मध्ये कपाट, जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत. मागची फळी अजून लावायची होती आणि ड्रॉवर बाहेर ठेवले होते, म्हणून ड्रॉवरच्या खाचेतून मला मिस्त्रींचं तोंड दिसत होतं. पण त्या खाचेतून मांजर गेलं असतं, मी नाही.

"कोनाडा मोजा," मिस्त्री खाचेतून म्हणाले.

मी मोजला. "चौतीस इंच. मी म्हटलंच होतं."

त्यांनी खिशातलं पान काढून खाचेतून आत सरकवलं. "आणि इथं काय लिहिलंय?"

अक्षर माझं. सही माझी. आणि आकडा अडतीस.

मी खालच्या ओळी वाचत गेलो. आरसा चोवीसचा अठ्ठावीस. टॉवेलची फळी अठराची बावीस. आणि तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या धंद्यात शिवणीसाठी कडेला जे जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. या बाजूला दोन इंच, त्या बाजूला दोन इंच. एकतीस वर्षांत हाताला असं वळण पडलंय की टेपवर चौतीस दिसले की वहीत अडतीस उतरतात. डोकं त्यात येतच नाही. मी बाथरूमला शिवणीची माया सोडली होती.

हे मी मिस्त्रींना सांगितलं.  त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली.

"थोडं आत घेता येईल का?" मी विचारलं.

"लाकूड आहे, मास्तर."

"दाबून बसवलं तर? दोन दिवसांत सैल पडेल."

"लाकूड आहे, मास्तर."

मग मी जोर लावायचं ठरवलं. पाठ भिंतीला टेकवली, दोन्ही पाय कपाटाला लावले आणि ढकललं. कपाट हललं नाही. माझ्या पाठीमागे ती एका दांडीची मॉडर्न सोय होती, ती मात्र हलली. वरून शॉवर सुरू झाला. एकदम जोरात, जाहिरातीत दाखवतात तसा. इकडे फिरवली तर गरम, तिकडे फिरवली तर गार, बंद कुठं होते ते फरशीवाल्यानं बायकोला दाखवलं होतं, मला नाही. कपाटाच्या कडांना अजून पॉलिश नव्हतं. ओल्या कडा फुगल्या तर अडतीसचं एकोणचाळीस झालं असतं. मी शर्ट काढून कपाटावर पसरला आणि त्याच्यापुढे हात पसरून उभा राहिलो.

"अगं, बंद कसं करायचं?" मी ओरडलो.

"खाली दाबा," बायको बाहेरून म्हणाली. दाबलं आणि पाणी थांबलं. आणि त्याच क्षणी दाराची बेल वाजली.

मेहुण्याला दुसऱ्या दिवशी सुटी मिळाली नव्हती, म्हणून तो आईला एक दिवस आधीच घेऊन आला होता. काठीचा आवाज ठक ठक करत झोपायच्या खोलीपर्यंत आला.

"जावईबापू कुठायत?" सासूबाईंनी विचारलं.

"कपाटामागे," मिस्त्री म्हणाले. यापेक्षा बरं उत्तर खरं तर नव्हतंच.

त्या वाकल्या आणि ड्रॉवरच्या खाचेतून त्यांनी आत बघितलं. मला हात जोडायचे होते, पण खाचेतून एकच बाहेर निघत होता.

"आई, प्रवास बरा झाला ना?"

"माझा झाला. तुमचा शर्ट कुठाय?"

"कपाटावर."

"आणि कपाट असं का उभंय?"

"मापात जरा... जास्त झालं, आई."

"जास्त झालं," त्या म्हणाल्या. आश्चर्य वाटल्यासारखं काही त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मागे मेहुणा पिशवी हातात घेऊन उभा होता. "ताई, मी चारला निघतो. आईचं काय ते तेव्हा सांगा. पिशवी गाडीत ठेवू की इथं?" बायकोनं एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा कपाटाकडे.  मला तिचं तोंड दिसत होतं, आणि त्या घटकेला मला माझ्या दुकानाची पाटी उतरवावीशी वाटली.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. "जावईबापू, कपडा चुकला की तुम्ही काय करता?"

"उसवतो."

"मग उसवा की. रडताय कशाला?"

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "माझ्या लक्षातच आलं नाही. एक बाजू स्क्रूवर आहे. पण स्क्रू आतून आहेत, मास्तरांच्या बाजूला."

स्क्रूड्रायव्हर खाचेतून आत आला. सोळा स्क्रू होते. मी एकेक काढत होतो आणि सासूबाई बाहेरून मोजत होत्या. "घाई करू नका. स्क्रूची खाच मोडेल." सातव्याला माझा हात सटकला. "हात पुसा आधी," बाहेरून आवाज. त्यांना कसं दिसलं कोण जाणे. सोळावा निघाला, बाजूची फळी सुटली आणि मी बायकोनं खाचेतून दिलेला टॉवेल गुंडाळून पाठमोरा होत होत बाहेर आलो. मिस्त्री आणि भाऊ फळ्या घेऊन अंगणात गेले, चार इंच कापायला.

साडेतीन वाजले होते. सासूबाई उठल्या. "बघते आता न्हाणी."

"आई, कपाट बसू दे, मग..." बायको म्हणाली.

"मी कपाटात अंघोळ करणार नाहीये. बाजूला हो." आणि त्या एकट्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आम्ही बाहेर ओळीनं उभे. मेहुणा पिशवी धरून, मिस्त्री हातात करवत घेऊन परत आलेले, मी टॉवेलवर. आतून काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग काही नाही. बायकोनं माझा हात धरला.  मला एकच दिसत होतं: बाकाचं आणि दांडीचं मापही मीच लिहून दिलं होतं, त्याच पानावर, त्याच हातानं. बाक चार इंच उंच झालं असेल तर त्यांचे पाय लोंबकळत राहतील. दांडीपर्यंत हात पोचणार नाही. सव्वीस वर्षांत एकदा मागितलं होतं तिनं.

आत पाणी सुरू झालं. थांबलं. काठी वाजली. दार उघडलं. सासूबाईंचे पाय ओले होते, पदर खोचलेला.

"तीनदा बसले, तीनदा उठले," त्या म्हणाल्या. "कुणाला हाक मारावी लागली नाही. पाय बरोबर जमिनीला टेकतात, हात बरोबर दांडीला. पिशवी ठेव रे आत."

बायको रडायला लागली. आईला धरून रडली, मग मला धरून, मग हसायला लागली. माझेही डोळे भरून आले. आणि डोळे भरून आले की मी काय करतो ते तुम्हाला आता माहीत आहे.

"बघितलंत?" मी मिस्त्रींना म्हणालो. "कपाटाचं सोडा. माणसाचं माप आहे ना, ते नाही चुकायचं. एकतीस वर्षांचा हात आहे."

मिस्त्री खोकले. बायको छताकडे बघायला लागली. मेहुण्याला एकदम काहीतरी गाडीत राहिल्याचं आठवलं.

"सांगा त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर उद्या पाटीवर लिहितील."

मिस्त्रींनी वरच्या खिशातून ते छोटं पाकीट काढलं. त्यात लॅमिनेटचा नमुना नव्हता. पांढरा दोरा होता, दोन गाठी मारलेला. एका टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत सासूबाईंचा गुडघा, दुसऱ्या गाठीपर्यंत त्यांचा कोपर. त्यांनीच घरी भिंतीला टेकून, पायाखाली दोरा धरून मोजलं होतं आणि लेकाच्या हाती लेकीकडे पाठवलं होतं.

"आईनं बजावलं होतं," बायको हळूच म्हणाली. "तुम्हाला कळू द्यायचं नाही, वाईट वाटेल म्हणून."

"पण का?" मी म्हणालो. "माझ्या वहीत तुमची मापं आहेत, आई. सव्वीस वर्षांची."

सासूबाईंनी पिशवी उघडली. वर मी शिवलेलाच जोड होता, गेल्या वर्षीचा, निळा. त्यांनी तो उलटा करून माझ्यापुढे धरला. दोन्ही कडांना आतून हाताच्या टाक्यांची बारीक ओळ. सरळ, एकसारखी, माझ्या मशीनलाही लाजवेल अशी. त्याखालचा जोड काढला. त्यालाही तीच ओळ. त्याखालचा, त्यालाही.

"पहिल्यापासून ढगळ होतात," त्या म्हणाल्या. "दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. मी आपली घरी आत घेते."

आता तुमच्यापासून काय लपवायचं. सासूबाईंच्या पहिल्या कपड्यांना मी नेहमीच्या मायेवर आणखी थोडं सोडलं होतं. नवा जावई, त्यात शिंपी. सासूला घट्ट झालं असतं तर तोंड कुठं दाखवलं असतं? आणि तेच माप वहीत कायम झालं.

"मग सव्वीस वर्षांत एकदा तरी बोलायचंत, आई."

"घट्ट असतं तर बोलले असते. सैल होतं, त्यात काय? माणूस एवढ्या हौसेनं शिवून पाठवतो, मी चार टाके घातले तर माझे हात झिजतात का?" त्यांनी निळा जोड घडी करून परत ठेवला. "आणि बोलले असते तर तुम्ही पुढच्या वर्षी घाबरून चार इंच जास्त सोडले असते."

ते मात्र खरं होतं.

संध्याकाळी कपाट कोनाड्यात असं बसलं की मध्ये सुई जाणार नाही. कापलेल्या चार इंचांच्या पट्ट्यांची मिस्त्रींनी मला दुकानासाठी एक छान फूटपट्टी करून दिली. काही न बोलता दिली, हे त्यातल्या त्यात बरं. आरसा अजून अठ्ठावीसचाच आहे. आम्ही तो जरा तिरका लावला आहे आणि आलेल्या माणसांना हल्ली अशीच फॅशन आहे म्हणून सांगतो.

सासूबाई राहिल्या. सकाळी एकट्या अंघोळ करतात, दार लावून, गाणं म्हणत. बायकोनं ते बाहेरून ऐकताना हातातलं काम थांबवलेलं मी रोज बघतो. अकरा वाजता त्या दुकानात येऊन बसतात, घरात करमत नाही म्हणून. पाटी अजून तीच आहे. गिऱ्हाईक आलं की माप मीच घेतो, आकडा मीच मोठ्यानं सांगतो.

वहीत मात्र सासूबाई लिहितात.